अर्ध्या पडलेल्या झाडाचं काय करायचं

सोमवार, ता. ४

आत्या,

नमस्कार. हे पत्र मागच्या मंगळवारीच लिहायला घेतलं होतं, शप्पथ. पण पेन्सिलीला टोक नव्हतं. टोक काढायला सुरी घ्यायला गेलो, तर सुरीची मूठ हलत होती. मूठ ठोकायला हातोडी शोधली, ती सापडली माळ्यावर, आणि तिच्या शेजारी तुझा जुना रेडिओ. बुधवार सगळा रेडिओत गेला. आता तो लागतो, फक्त पालथा ठेवावा लागतो. गुरुवारनंतर मात्र लिहिलं नाही ते निव्वळ भीतीनं. तुझा पाय प्लास्टरमध्ये, त्यात ही बातमी द्यायची, तर माझी जीभच रेटेना. हाताला कशाला जीभ लागते म्हणा, पण तोही रेटेना.

तर बातमी. फाटकाजवळची निलगिरी पडली. घाबरू नकोस, पूर्ण पडली नाही. आणि घाबरायचं कारणही तेच आहे.

मंगळवारी दुपारी वारा सुटला. मी ओट्यावर बसून पेन्सिलीकडे बघत होतो. कर्रर्र असा आवाज झाला आणि ती बया मुळं उपटून रस्त्यावर आडवी व्हायला निघाली. पण समोरच्या बँडमास्तरांच्या अंगणात तो शिरीष आहे ना, त्याच्या बेचक्यात तिचा शेंडा अडकला. आता बुंधा आपल्या बाजूला, शेंडा त्यांच्या बाजूला, मधे रस्त्यावर तिरकी कमान. फोनची तारही तिनेच नेली. माझा मोबाइल मागच्या मुक्कामी पाण्याच्या टाकीत पडला होता, म्हणून हे पत्र दूधगाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. रोज शहरात जातो, माणूस भला आहे, फक्त फार बोलतो.

काल बस आली. ड्रायव्हरने झाड बघितलं, सगळ्यांना खाली उतरवलं, रिकामी बस जपून पलीकडे नेली आणि मग प्रवाशांना म्हणाला, "या आता चालत!" म्हणजे बसला ओरखडा नको, माणसांचं बघू सावकाश.

मी रस्त्याच्या कचेरीत जाऊन आलो. तिथला कारकून फार सभ्य.

"झाड पडलंय का?"

"अर्धं."

"उभं आहे की पडलंय?"

"मधेच आहे."

"उभं झाड असेल तर वरचा मजला. पडलेलं असेल तर मी. मधल्याचं कुणीच बघत नाही. पूर्ण पडलं की या, मी आहे पाचपर्यंत."

बाकी सगळं ठीक. फाटक ठीक. पाय कसा आहे? मी बोटीवर भांडी घासायचो तेव्हा आमच्या खानसाम्याचा पाय मोडला होता, तर त्याने प्लास्टरवर... ते नंतर सांगतो, दूधगाडी आली.

तुझा,
भोवरा

———

बुधवार, ता. ६

भोवऱ्या,

घर राखायला तुला बसवलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. सहा दिवस! आणि माझा रेडिओ पालथा का?

आता नीट वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस, बस.

एक तर फोन करायचा नाही. कुणाचा मागूनसुद्धा करायचा नाही. इथे फोन आला की तुझी ताई तो मोठ्याने लावते आणि शेजारी बसून ऐकते. ताईला झाडाचा पत्ता लागता कामा नये. सोमवारी, अठरा तारखेला माझं प्लास्टर निघतं. मला त्याच दिवशी माझ्या घरी यायचंय. तुझ्या ताईचा बेत वेगळा आहे. तिने माझ्यासाठी खोलीला पडदे शिवायला टाकलेत. दोन दिवसांसाठी आलेल्या आईला कुणी पडदे शिवतं का? परवा डॉक्टरांना म्हणाली, "आई आता इथेच राहणार, तिकडे एकटीला सोडण्यात अर्थ नाही." मी तिथेच बसले होते, कपाटासारखी. रस्त्यावर झाड लटकतंय असं तिला कळलं तर संपलंच. मग घर विकायला काढतील आणि मी या चौथ्या मजल्यावर पडद्याआडून लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या बघत बसेन.

तेव्हा अठराच्या आत ते झाड खाली पाहिजे. झाडाला काहीतरी लाल बांध, म्हणजे गाड्या सावध होतील. त्याच्याखाली कुणाला थांबू देऊ नकोस. करवतवाल्याला बोलाव. आणि त्या समोरच्याशी एक शब्द बोलायचा नाही. इतकी वर्षं त्याने सकाळी सात वाजता ट्रम्पेट वाजवायचं आणि मी खिडकी आपटून बंद करायची, एवढाच आमचा संबंध आहे. तो वाढवायचा नाही.

फाटक सांभाळ. तुझ्या काकांनी स्वतःच्या हाताने केलंय ते. लागत नाही नीट, पण आहे.

आत्या

ता. क. खानसाम्याने प्लास्टरवर काय केलं?

———

शुक्रवार, ता. ८

आत्या,

खानसाम्याने प्लास्टरवर हिशोबाचं पाढ्यासारखं कोष्टक लिहिलं होतं, आणि जेवताना पाय टेबलावर ठेवून तो ते वाचायचा. म्हणून कुणी त्याच्याशेजारी जेवत नसे.

तुझ्या सांगण्याप्रमाणे लाल बांधलं. घरात लाल असं एकच होतं, जेवणाच्या टेबलावरचं झालरीचं कापड. ते मी झाडाच्या बरोबर मधोमध टांगलं. तर झालं असं, की लोकांना वाटलं इथे कसलंतरी उद्घाटन आहे. जो येतो तो कमानीखाली गाडी थांबवतो, मान वर करून बघतो आणि विचारतो, "कोण येणार आहे?" मी ओरडून सांगतो, "कुणी नाही, पुढे व्हा!" तर म्हणतात, "मग एवढी तयारी कशाला?" एका नवऱ्या-बायकोने खाली उभं राहून फोटो काढून घेतला. काढला मीच. त्यांना चांगला उजेड मिळत नव्हता.

मग मी पाटी केली. फळी छोटी होती आणि मला सांगायचं बरंच होतं. "या झाडाखाली कृपया थांबू नये, कारण ते अडकलेले असून केव्हाही पडू शकते, तरी सहकार्य करावे." अक्षर बारीक काढावं लागलं. आता लोक पाटी वाचायला झाडाखाली थांबतात. एक आजोबा तर चष्मा घरी विसरले होते, ते चष्मा घेऊन परत आले. काल गर्दी बघून फुगेवालाही आला. त्याचा एक फुगा सुटून वर फांदीत अडकला, तो काढायला मी... नाही, चढलो नाही. अर्धाच चढलो होतो.

करवतवाला येऊन गेला. मोठा तालेवार माणूस, झाडापेक्षा स्वतःबद्दल जास्त बोलतो. पण झाड बघून गप्प झाला. म्हणाला, "पडलेलं झाड मेलेल्या सापासारखं. उभं झाड झोपलेल्या सापासारखं. हे जे आहे ना, हे फणा काढून बसलंय." बुंध्यात म्हणे ताण भरलाय. चुकीच्या जागी कापलं तर उसळून माणसाला लोळवेल. त्याची पद्धत अशी: बुंध्याला साखळी बांधून ट्रॅक्टरने इंच इंच मागे ओढायचं, मधे मधे थोडं कापायचं, म्हणजे शेंडा बेचक्यातून सरकत बाहेर येईल. त्या वेळी रस्ता दोन्ही वळणांवर बंद पाहिजे आणि आसपास चिडीचूप पाहिजे. तो खोडाला कान लावतो. लाकूड तुटण्याआधी कुरकुरतं, ते त्याला ऐकू यावं लागतं.

आणि आत्या, इथे घोळ आहे. शेंडा ज्या शिरीषात अडकलाय तो बँडमास्तरांचा. ओढताना त्याच्या फांद्या मोडणार. त्यांनी हो म्हटल्याशिवाय करवतवाला हात लावायला तयार नाही. म्हणून मला बोलावं लागलं. एक शब्द बोलायचा नाही असं तू सांगितलं होतंस. मी बरेच बोललो.

ते म्हणाले, "माझी हरकत नाही. पण तुमच्या आत्याबाईंनी स्वतः सांगावं."

मी म्हटलं, "त्या तुमच्याशी बोलत नाहीत."

"ते मला ठाऊक आहे. त्या कशा बोलत नाहीत हेही मी रोज ऐकतो. खिडकी आपटून सांगितलं तरी चालेल."

"त्या चौथ्या मजल्यावर आहेत, शहरात."

"पाय कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं बरा आहे. तर दोनदा म्हणाले, "बरा आहे ना? बरा आहे ना?"

काय कळवू?

भोवरा

ता. क. फाटक ठीक.

———

रविवार, ता. १०

भोवऱ्या,

माझं झालरीचं कापड!

त्या माणसाला हे असंच्या असं वाचून दाखव, शब्द बदलू नकोस: मी तुमच्याशी बोलत नाहीये. पण झाड माझं आहे, चूक वाऱ्याची आहे, आणि शिरीषाच्या फांद्या मोडल्या तर त्याची खंत मला राहील. याला तुम्ही सांगणं समजायचं असेल तर समजा.

एवढंच. पुढे काही जोडू नकोस. खानसाम्याची गोष्ट सांगत बसू नकोस.

माझ्या पायाची चौकशी त्याने कशाला करावी? त्याला काय करायचंय?

इकडे पडदे आले. निळे आहेत, वर बदकं. तुझी ताई म्हणाली, "आई, बघ किती उजेड येतो!" मी म्हटलं, "पडद्यातून?" ती मनाने वाईट नाही रे. मी पडले त्या दिवसापासून तिला झोप नाही. पण तिचं प्रेम कडी लावून घेतं.

फाटकाबद्दल तू दर वेळी आपणहून "ठीक" लिहितोस, ते मला आवडत नाही. ठीक असलेल्या गोष्टीबद्दल माणूस लिहीत नाही.

आत्या

———

बुधवार, ता. १३

आत्या,

झाड पडलं! पूर्ण पडलं! रस्ता मोकळा! कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त करवतवाल्याचा अपमान झालाय.

बँडमास्तरांना तुझा निरोप वाचून दाखवला. त्यांनी टोपी काढून ऐकला. म्हणाले, "पुन्हा एकदा वाचा." वाचला. म्हणाले, "खंत, असंच लिहिलंय ना?" आणि लगेच कामाला लागले. दोन्ही वळणं झाडापासून लांब, करवतवाल्याला ती दिसत नाहीत, मग वाहन आलं हे कळणार कसं? तर एका वळणावर बँडमास्तर ट्रम्पेट घेऊन, दुसऱ्यावर त्यांचा ढोल्या. ढोल्या म्हणजे त्यांच्या बँडमधला, ढोलापेक्षा थोडाच लहान. खूण ठरली: एक ठोका म्हणजे वाहन आलं, थांब. दोन ठोके म्हणजे रस्ता मोकळा, काप. ट्रम्पेटचंही तसंच.

सगळं ठरलं, पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. ढोल्याने जन्मात कधी एकच ठोका मारलेला नाही.

करवतवाला खोडाला कान लावून, मी ट्रॅक्टरवाल्याशेजारी, चिडीचूप. ढोल्याच्या वळणावर दूधगाडी आली. त्याने मारला एक ठोका. धम्म! करवत थांबली. आणि आत्या, ढोल्या नंतर रडकुंडीला येऊन सांगत होता, की हात वर गेला तो तिथे राहीचना, आपोआप खाली आला. धम्म! दोन झाले. करवत सुरू. आता दोन झाल्यावर तिसरा कोण अडवणार? धम्म! थांब. धम्म! काप. करवतवाला थांबतोय, कापतोय, थांबतोय, कापतोय, ट्रॅक्टरवाला पुढे, मागे, पुढे, मागे, मी "अरे थांबा!" म्हणून ओरडतोय. ढोलाने ठेका धरलेला ऐकून त्या टोकाला बँडमास्तरांनाही राहवेना. ट्रम्पेट सुरू! बघायला आलेल्या क्लॅरिनेटवाल्याने खिशातून क्लॅरिनेट काढलं, जोडलं आणि तोही सुरू.

करवतवाल्याने करवत फेकली आणि शेताकडे पळत सुटला. "लाकूड ऐकू की लग्न?" असं ओरडत गेला. ते बघून ट्रॅक्टरवाला दचकला, त्याचा पाय सटकला, ट्रॅक्टरने हिसका मारला, आणि शेंडा शिरीषाच्या बेचक्यातून असा अलगद निसटला, की जणू तो कुणीतरी विचारायचीच वाट बघत होता. धप्प! सगळी निलगिरी रस्त्यावर.

आणि गंमत बघ. खाली एक माणूस नव्हता. सगळे दोन्ही वळणांवर गाड्या थांबवून बँड ऐकत उभे होते. दूधवाला तर उतरून नाचत होता. लाल कापडाने आणि पाटीने जे जमलं नाही ते ढोल्याने केलं.

मग मी सायकल हाणत कचेरीत गेलो. पाचाला थोडाच वेळ होता. कारकून म्हणाला, "पूर्ण पडलं ना? मग आधी नाही का सांगायचं!" तासाभरात माणसं आली, फांद्या नेल्या, बुंधा कडेला लावून दिला.

आता मला एक सांग. ढोल्या म्हणतो, तू पडलीस त्या दिवशी तुला दवाखान्यात बँडच्या गाडीतून नेलं. पाय ढोलावर ठेवून. तू तर ताईला सांगितलंस की तूच गाडी बोलावलीस म्हणून?

भोवरा

ता. क. फाटकाबद्दल सवडीने लिहितो.

———

शुक्रवार, ता. १५

भोवऱ्या,

सवडीने लिहायची गरज नाही. तुझ्या भल्या दूधवाल्याने पत्र माझ्या हातात देण्याऐवजी ताईच्या हातात दिलं, आणि चहा पीत पीत तिला सगळं सांगितलं. झाड, ढोल, नाच, आणि बुंधा गडगडत जाऊन माझ्या फाटकावर बसला तेही. त्याचा भुगा झाला म्हणे. तुझ्या काकांचं फाटक. थोडी रडले. मग ते कधीच नीट लागायचं नाही हे आठवलं, आणि तुझे काका त्याला लाथ मारून लावायचे तेही आठवलं, आणि मग जरा बरं वाटलं.

पण खरा तमाशा पुढे. ताई म्हणाली, "बघ! झाडं पडतात, फाटक नाही, शेजारी माणूस नाही. तू पुन्हा अंगणात पडलीस तर कुणाला कळणार?"

आता तुला सांगते ते तुझ्यापाशी ठेव. त्या दिवशी मी विहिरीपाशी घसरले ते सकाळी, सातच्या आधी. हाक मारायलाही आवाज फुटेना. सात वाजले, समोर ट्रम्पेट सुरू झालं. मी मातीत पडून ऐकतेय. खिडकी आपटली नाही. थोडं वाजवून तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, मुद्दाम जोरात. खिडकी गप्पच. मग पावलं वाजली आणि तो कुंपण ओलांडून आला. "आज खिडकी नाही आली," एवढंच म्हणाला. मी त्याचे साधे आभारही मानले नाहीत. बोलत नाही ना आम्ही.

हे मी ताईला का सांगितलं नाही, माहीत नाही. शेवटी काल सांगून टाकलं. तिला पटत नाही. म्हणते, "जो माणूस तुझ्याशी बोलत नाही त्याच्या भरवशावर तुला सोडू? मला आधी ते फाटक उभं दाखव, मग बोलू." सोमवार परवा-तेरवावर आला. दोन दिवसांत फाटक कुठून उभं राहणार आणि हिला कसं दाखवणार? माझी पिशवी तिने कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावलीय.

बदकं माझ्याकडे बघतायत.

आत्या

———

रविवार, ता. १७

आत्या,

फाटकाचं लपवलं, चुकलो. कान पकडतो. एकच कान, दुसऱ्या हातात पेन्सिल आहे.

तुझ्यापाशी ठेव म्हणालीस, पण पत्र मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचत होतो. मला मनात वाचायची सवय नाही, ओळी उड्या मारतात. वाचून वर बघितलं तर पायरीपाशी बँडमास्तर उभे, हातात माझ्यासाठी आणलेली आमटीची वाटी. ती त्यांनी तशीच धरून ठेवली होती. वाटी ठेवली, गेले आणि परत येऊन विचारलं, "फाटक उभं दाखव, असंच म्हणाल्या कन्या?"

मी म्हटलं, "असंच."

तेव्हापासून त्यांच्या पडवीत करवतवाला आणि ते दोघं ठाकठोक करतायत. करवतवाल्याचा राग गेला, कारण कुणीतरी त्याला "आता तुम्हीच" असं म्हटलं. मी काही मदत करायला गेलो तर मला खिळे मोजायला बसवलं, मग मोजताना मी फुगेवाल्याशी बोलायला लागलो, मग मला उठवलं. तुझ्याच निलगिरीच्या फळ्या आहेत. ओलं लाकूड, शिशासारखं जड. करवतवाला म्हणतो, सुकल्यावर वाकडं होईल आणि नीट लागणार नाही. बँडमास्तर म्हणाले, "उत्तम. त्यांना सवय आहे."

पण ते उभं कधी करणार ते सांगत नाहीत. खड्डेसुद्धा खणले नाहीत. उलट आज भलतंच विचारत होते, "ताईंच्या इमारतीचा जिना रुंद आहे का?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी नेहमी लिफ्टने जातो. त्यावर ते फार वेळ विचारात पडले. वयाने होतं असं कधी कधी.

दोन दिवस त्यांनी सकाळी ट्रम्पेट वाजवलेलं नाही. मला जागच येत नाही. तू रोज खिडकी का आपटायचीस कुणास ठाऊक, गाणं चांगलं असतं.

भोवरा

———

सोमवार, ता. १८

भोवऱ्या,

प्लास्टर निघालं. आतून पाय निघाला तो माझा वाटत नाही, दुसऱ्या कुणाचा तरी चुकून दिल्यासारखा. पण जमिनीला टेकतो. डॉक्टर म्हणाले, घरी जायला हरकत नाही. ताई म्हणाली, "घरीच तर आहे." मी पडद्यापाशी येऊन बसले आणि हे लिहितेय. तुला सांगायचं होतं, की तू जा आता, तुझी पावलं वळवळत असतील. घराला कुलूप लाव. किल्ली ताईकडे पाठव, तिच्या कमरेला जागा आहे अजून. त्या समोरच्याला सांग, की

थांब. खाली काहीतरी वाजतंय.

ढोल. एकच ठोका.

एकच? मग तुझा ढोल्या नव्हे. नाही, नाही, चुकले. दुसरा पडला. तिसरा. आता सुरूच झाला. सगळ्या गच्च्यांवर माणसं आलीत. खाली बँडची गाडी उभी आहे, आणि टपावर दोरांनी बांधून, भोवऱ्या, टपावर फाटक आहे.

ट्रम्पेट. ते सकाळचंच. सातला वाजवायचं ते दुपारी वाजवतोय.

मी खिडकी आपटली. जोरात. ट्रम्पेट मधेच थांबलं आणि खालून कुणीतरी हसलं. ताई धावत आली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बोलतोय आम्ही."

आता जिन्यात धडपड चाललीय. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं बहुतेक. "डावीकडे घे रे भोवऱ्या, डावीकडे, इकडे तिकडे बघू नकोस!" म्हणजे खालचं टोक तुझ्या हातात. मग हे पत्र मी लिहितेय तरी कुणाला?

घंटी वाजली. ताईने दार उघडलंय. दारात तो आहे, घामाघूम, टोपी बगलेत, आणि चौकटीत मावेना इतकं मोठं फाटक उभं धरून. अगदी उभं. ताईचा हात कमरेच्या किल्लीकडे गेलाय. शेवटी तिने मागे वळून मलाच विचारलं, "आई, हे कोण?"

मी म्हटलं, "शेजारी."